झाड कुणी निवडावं?

जून तोंडावर आला की आमच्या घरच्या ग्रुपवर झाडं उगवायला लागतात. मृग अजून लांब असतो, अणदूरच्या रानातली ढेकळं तापलेली असतात, पण पुण्याहून वन्संनी नारळाचा फोटो टाकलेला असतो. हैदराबादहून भाऊजी केशर आंब्याची कलमं कुठे चांगली मिळतात ते कळवतात. भाच्याला ड्रॅगन फ्रूट हवं असतं, आणि धाकट्या जाऊबाईंना फाटकापासून ओट्यापर्यंत हिरवीगार लॉन. प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य: "आपल्या अंगणात किती छान दिसेल ना!"

दिसेलच की. अंगण सगळ्यांचं आहे, आणि गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाकडे आपलं एखादं झाड असावं असं वाटतं, त्यात मला तरी माया सोडून दुसरं काही दिसत नाही. तरीही ह्या विषयावर माझं एक मत झालं आहे, ते आज जरा सविस्तर मांडावं म्हणते. नातेवाईक मंडळींनी रागावू नये.

मत एवढंच: कोणतं झाड लावायचं हे ठरवायचा पहिला हक्क त्याला पाणी घालणाऱ्या माणसाचा. रोप आणणाऱ्याचा, पैसे देणाऱ्याचा, खड्डा खणणाऱ्याचा नंबर त्यानंतर. एप्रिलमध्ये बादली ज्याच्या हातात असते त्याला आधी विचारावं. आपल्याकडे ती बादली बहुतेक घरांत बाईच्या हातात असते, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अणदूर तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या जवळ. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, आता धाराशिव. जमीन कुठे काळी, चिकण, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी, तर कुठे दोन वितींवर मुरूम लागणारी. पाऊस लहरी. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ह्याच धाराशिव जिल्ह्यात परंड्या-भूमकडे पुराने घरं-शेतं बुडाली. म्हणजे आमच्या झाडाला दोन्ही सोसता आलं पाहिजे, तहानही आणि तुंबलेलं पाणीही.

आता तुम्ही मंडळी गावाला येता कधी? दिवाळीला, नाहीतर मार्गशीर्षात खंडोबाला. तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असतो, विहिरींना पाणी असतं, अंगण कसं टवटवीत दिसतं. त्या अंगणाकडे बघून झाड सुचतं. आपला खंडोबासुद्धा अणदूर आणि नळदुर्ग अशा दोन गावांत आळीपाळीने राहतो, पण देव जिथे जातो तिथे त्याची पूजाअर्चा करणारे सोबत असतात. झाडाचं तसं नाही. ते जिथे लावलं तिथेच उभं राहणार, आणि चैत्र-वैशाखात जो घरी असेल त्याच्याकडे बघणार.

एक साधा हिशोब मांडते. वाढत्या नारळाला उन्हाळ्यात रोज दोन-तीन बादल्या पाणी सहज लागतं. दोनच धरू. एप्रिल, मे आणि पाऊस लांबला तर अर्धा जून, म्हणजे पंचाहत्तर दिवस. दीडशे बादल्या झाल्या. पंधरा लिटरची बादली धरली तर सव्वादोन हजार लिटर, एका झाडाला, एका उन्हाळ्यात. हौदापासून फाटकापर्यंत पंचवीस-तीस पावलं आहेत. ही पावलं कोण चालणार? आमच्या घरात सध्या दोघीच असतो, मी आणि आत्याबाई. (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणायची पद्धत आहे.) त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, तरी सकाळची पहिली बादली त्या मला उचलू देत नाहीत.

त्यांचं एक वाक्य आहे. "झाड लावायला चार जण येत्यात, फोटू निघंस्तवर थांबत्यात. पाण्याला कुणीबी न्हाई."

पूर्वी ह्या प्रश्नाचं उत्तर घराच्या बांधणीतच होतं. जुन्या माळवदाच्या घरांना मागे न्हाणी असायची. अंघोळीचं, हातपाय धुतल्याचं पाणी उघड्या नालीने परसात जायचं, आणि नाली जाईल तशी बाग आखलेली असायची. नालीच्या तोंडाशी कर्दळ आणि अळू, पुढे केळ, मग लिंबू, आणि जिथे पाणी पोचता पोचता संपायचं तिथे शेवगा नाहीतर सीताफळ. म्हणजे जास्त तहानेचं झाड पाण्याजवळ, कमी तहानेचं लांब. कुणी कागदावर आराखडा काढला नव्हता. रोज नालीकडे बघणाऱ्या बायकांनी तो बसवला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातली दगडमातीची घरं लोकांना नकोशी झाली, आणि ते अगदी बरोबरच होतं. स्लॅबची घरं आली, न्हाणी आत गेली, तिचं बाथरूम झालं, पाणी पाइपातून थेट गटारात किंवा शोषखड्ड्यात जायला लागलं. सोय झाली, पण झाडाचं आणि घराच्या पाण्याचं नातं तुटलं. मग अंगणात काय लावायचं हे ठरवायला एकच साधन उरलं: नर्सरीतला फलक आणि मोबाइलमधला फोटो.

हे फक्त आमच्या घराचं नाही. राज्य सरकारने २०१६ पासून वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा घेतल्या. पहिल्या वर्षी २ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. तेव्हा चर्चा झाली ती लावलेल्या झाडांच्या आकड्याची. ह्याच्या उलट, २०१८ साली सुरू झालेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना बघा. तिचं अनुदान तीन वर्षांत विभागून मिळतं, ५०, ३० आणि २० टक्के, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली ते बघून. शेतकऱ्याला हा नियम कडक वाटतो, पण त्यातला विचार मला पटतो. झाड लागलं असं तिसऱ्या वर्षी म्हणावं. तोवर ते नुसतं ठेवलेलं असतं.

पारिजातकाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सत्यभामेने हट्ट केला, कृष्णाने स्वर्गातून झाड आणलं, ते लागलं सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं पडली रुक्मिणीच्या. गोष्टीत मागणारी आहे, आणणारा आहे, फुलं वेचणारीही आहे. पाणी कोण घालत होतं ते मात्र गोष्ट सांगणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही!

बरं, पाणी घालणारीला विचारलं तर ती काय निवडेल? गेल्या काही वर्षांत आत्याबाईंच्या निवडीकडे मी नीट बघते आहे, आणि तिच्यात मला एक शिस्त दिसते.

पहिलं, त्या झाडाची झोप बघतात. सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून बसतं. ज्या दिवसांत आपल्याकडे पाणी नसतं त्याच दिवसांत ते पाणी मागत नाही. शिवाय शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही, आणि गावात ही गोष्ट लहान नाही. बोरीचंही तसंच, तीही उन्हाळ्यात झोपते. सीताफळ मूळचं अमेरिकेकडचं, पण बालाघाटाच्या डोंगरात असं रुजलं की आता इथलंच झालं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिथली 'धारूर-६' ही जात, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपट्यांनी काढलेली 'एनएमके-१ गोल्डन', तेलंगणातली 'बाळानगर'. घरी खायला ह्यातली कुठलीही चालेल. देशी की परदेशी ह्या वादात मी पडत नाही. पेरू, पपई, चिकू, बोगनवेल सगळी बाहेरूनच आली. प्रश्न इथल्या उन्हाळ्याशी त्यांचं कसं जमतं एवढाच.

दुसरं, त्या फुलझाडं निवडताना रोजचं ताट बघतात, म्हणजे देवपूजेचं. जास्वंद, तगर, कण्हेर. कण्हेरीला ऊन बाधत नाही, जनावर खात नाही. महामार्गांच्या मधल्या पट्टीत कण्हेर आणि बोगनवेल एवढी का दिसतात ते ह्यावरून कळतं. (मात्र कण्हेर विषारी असते. घरात रांगतं मूल असेल तर नको, निदान हाताशी नको.) बोगनवेलीची गंमत अशी की पाण्याचे लाड केले तर ती नुसती पानं वाढवते, जरा ताण दिला की फुलते.

तिसरं, त्या मुळांना घाबरतात. घराच्या पायाजवळ, हौदाजवळ, नळाच्या लाइनजवळ मोठं झाड नाही. ह्या बाबतीत त्या शहरातल्या हौशी लोकांच्या पुढे आहेत. झटपट हिरवी भिंत म्हणून जागोजाग लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. मुळं गटारांत आणि पाइपांत शिरतात ही त्याविरुद्धची एक मोठी तक्रार होती.

आता कुणी म्हणेल, असा पाण्याचा काटा लावून बसलं तर अंगण नुसतं कामापुरतं होईल. काटेरी, हिशोबी. हौसेचं काय? हा आक्षेप खरा आहे, आणि मला स्वतःलाही तो बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर आत्याबाईंच्या मोगऱ्याने दिलं. मोगरा उन्हाळ्यातच फुलतो, उन्हाळ्यातच पाणी मागतो. हिशोबात तो कुठेच बसत नाही. तरी त्यांनी तो न्हाणीच्या पाइपाच्या तोंडाशी लावला, आणि त्याला पाणी मिळावं म्हणून पाइपाचा शेवटचा तुकडा काढून नाली पुन्हा उघडी करून घेतली. बादली उचलणाऱ्या माणसालाही हौस असते. फरक एवढाच की आपल्या हौसेची किंमत तिला ठाऊक असते आणि ती स्वतः मोजते. मला हक्काची भाषा करावीशी वाटते ती एवढ्यासाठी. दुसऱ्याच्या हौसेला पाणी घालणं हे काम झालं. स्वतःच्या हौसेला घातलं की त्याची बाग होते.

आपल्या जवळचा नळदुर्गचा किल्ला घ्या. इब्राहिम आदिलशहा दुसरा ह्याच्या काळात बोरी नदीवर तिथे धरण बांधलं, आणि पाणीमहाल त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात केला. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि आत बसून ते बघता येतं. चारशे वर्षांनंतरही लोक लांबून बघायला येतात. आधी पाणी अडवलं, मग त्याची शोभा बघायची सोय केली. अंगणालाही हाच क्रम लावायला काय हरकत आहे?

निवड झाली की लावण्याबद्दल चार गोष्टी. जाणकारांनी भर घालावी.

खड्डा मे महिन्यातच घेऊन उन्हात तापू द्यावा. आंब्याला तीन फूट लांब-रुंद-खोल, सीताफळ-डाळिंबाला दोन फूट पुरतो. लावण्याआधी खड्ड्यात पाणी भरून ठेवावं. दुसऱ्या दिवशीही ते साचलेलंच असेल तर तिथे पपई आणि डाळिंब लावू नये, किंवा मुरूम मिसळून आणि भर घालून जागा उंच करावी. काळ्या रानात झाडं तहानेने मरतात तशी पावसाळ्यात मुळं कुजूनही मरतात. माती चुनखडीची असेल तर लिंबाचं पान पिवळं पडतं, तेव्हा लिंबासाठी जागा बघून घ्यावी. भरताना चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड.

रोप घेताना पिशवीतच फळ लागलेलं रोप बघून भुलू नये. उंचीपेक्षा बुंधा बघावा, आणि कलमाचा जोड नीट मिळालाय का ते बघावं. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो, तेव्हा परवाना आहे का आणि मातृवृक्ष कुठला हे विचारायला लाजू नये. लावताना पिशवी फाडून काढावी, तळाशी गोल गुंडाळलेली मुळं छाटावीत, आणि जोड मातीच्या वर चार बोटं तरी ठेवावा. जोडाखालून फूट आली तर ती काढून टाकावी, नाहीतर कलम मागे पडतं आणि खालचं गावरान झाड पुढे जातं.

पाण्यासाठी जुना उपाय अजूनही चांगला: रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घालायची, आणि मडकं भरून वर झाकण. बुडाशी सोयाबीनचं काड नाहीतर उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते. अंघोळीचं पाणी झाडांना चालतं, पण रोज एकाच झाडाला नको. मधूनमधून साधं पाणी हवं. कपड्यांच्या सोड्याचं पाणी मात्र झाडाला देऊ नये, आणि अंघोळीचं पाणी पालेभाजीला घालू नये.

तर मग ह्या वर्षी आमच्या अंगणाचं काय ठरलं? वन्सं, नारळ नाही. लॉनही नाही. भाच्याचं ड्रॅगन फ्रूट मात्र मंजूर झालं, कारण ते निवडुंगाच्याच कुळातलं आहे आणि थोड्या पाण्यात भागवतं. त्याला सिमेंटचा खांब त्याने स्वतः आणून रोवायचा आणि वैशाखातल्या उन्हात वर सावलीचं जाळं बांधायचं, एवढी अट. एक सीताफळ मागच्या कोपऱ्यात. पारिजातक शेजारच्या काकूंच्या भिंतीला लागून, फुलं तिकडे पडली तरी चालतील.

आणि आंबा. आत्याबाईंना आंबा हवाच आहे, पण कोयीचा. भाऊजींना केशर. केशरची फळं चारेक वर्षांत, कोयीची आठ-दहा वर्षांत, आणि गोड निघतील की आंबट ते कुणी सांगू शकत नाही. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला थांबायचंय का एवढं?" त्या म्हणाल्या, "मला कशाला, झाडाला थांबायचंय." ह्यावर गावातल्या एका कलम बांधणाऱ्याने तोडगा सांगितला. ताजी कोय खड्ड्यातच लावायची, ती जागेवर वाढू द्यायची, आणि रोप जोमदार झालं की पावसाळ्यात त्यावर केशरची काडी बांधायची. कोय जागेवरच रुजल्याने सोटमूळ तुटत नाही, सरळ खोल जातं, आणि उन्हाळा सोसायला बळ येतं. बोरीचे डोळेही असेच जागेवर भरतात. म्हणजे खाली आत्याबाईंची कोय आणि वर भाऊजींचं केशर. दोघंही खूश. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाकायचा, हे भाऊजींनी आत्ताच मनाशी लिहून ठेवावं :)

शेवटी एक सूचना, सगळ्याच नातेवाइकांसाठी, आमच्या आणि तुमच्याही. गावाकडच्या घराला झाड भेट द्यायचं असेल तर जरूर द्या, पण त्यासोबत तीन उन्हाळेही द्या. ते कसे द्यायचे हे ज्याने त्याने ठरवावं. कुणी ठिबकची नळी आणि पाण्याची टाकी द्यावी, कुणी दोन महिने एखाद्या गरजू माणसाची पाणी घालण्याची मजुरी द्यावी, कुणी सुट्टी काढून मे महिन्यात येऊन बादली उचलावी. आणि रोप घेण्याआधी एक फोन करून विचारावं, "तुला कोणतं झाड आवडेल?" आत्याबाई ह्या घरात साठ वर्षं पाणी घालतायत. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला गेला तो ह्या वर्षी.

फाटकाजवळचा एक खड्डा मुद्दाम रिकामा ठेवला आहे. शेणखत भरून झाकलाय. तीन उन्हाळ्यांची हमी जो देईल त्याने त्यात हवं ते लावावं. वन्सं, नारळसुद्धा.